आंतरजाल-जोडणी व दूरस्थ खेळ

जगभरच्या संगणकजालांना समान नियमांनी परस्परांशी जोडणाऱ्या महाजालास आंतरजाल (इंटरनेट) म्हणतात. घरातील वा गावातील उपकरण ज्या मार्गाने या महाजालास जोडले जाते, तो मार्ग म्हणजे आंतरजाल-जोडणी. भारतात ही सेवा सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुली केली.

जोडणीची गुणवत्ता मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते : एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते, ती वहनक्षमता आणि पाठविलेल्या संदेशाचे उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, तो विलंबकाल. चित्रपट पाहताना पुढील भाग आधीच साठवून ठेवता येतो. म्हणून तेथे वहनक्षमता पुरेशी असली की भागते. दूरदूरच्या खेळाडूंनी एकाच वेळी खेळावयाच्या खेळात प्रतिस्पर्ध्याची पुढील हालचाल आधी साठविता येत नाही. तेथे विलंबकाल निर्णायक ठरतो. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किमी. जातो. मुंबई ते सिंगापूर हे सुमारे ४,००० किमी. अंतर जाऊन येण्यास त्यास ४० मिलिसेकंद लागतात. सागरी तारांचा वळणाचा मार्ग व वाटेतील यंत्रे यांमुळे हा काळ आणखी वाढतो. बुद्धिबळाच्या संथ डावात तो जाणवत नाही. नेमबाजीच्या खेळात मात्र हार-जीत त्यावर अवलंबून राहते.

ग्रामीण भागात शेवटच्या टप्प्याची अडचण अधिक असते. एकाच मनोऱ्याची वहनक्षमता अनेकांत वाटली जाते आणि सायंकाळी वापर वाढला की प्रत्येकाचा विलंबकालही वाढतो. ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. तथापि तंतू पंचायतीपर्यंत पोहोचला, तरी तेथून घराघरांत जोडणी नेण्याचे काम वेगळे उरते.

पूर्वीच्या औंध संस्थानाचा मुलूख आज मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांत विभागलेला आहे. या पर्जन्यछायेच्या भागात बाजारभाव, शासकीय दाखले व शिक्षण यांसाठी भ्रमणध्वनीवरील जोडणी उपयोगी पडते. २०२० मधील टाळेबंदीत शाळेचे वर्ग त्यावर भरू लागले आणि अभ्यासाच्याच उपकरणावर मुलांच्या हाती खेळही आले. यावर सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक उपाय योजला. तेथे रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला व दीड तास दूरचित्रवाणी संच आणि भ्रमणध्वनी बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, असे ठरले. पैसे लावून खेळावयाच्या आंतरजालीय खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्यात स्पर्धात्मक ई-क्रीडांना मात्र प्रोत्साहन दिले आहे.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारून कारभाराचा पाया ग्रामपंचायतींवर उभारला होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. जोडणीचा वेग दूरच्या तारांवर व यंत्रांवर अवलंबून असला, तरी तिच्या वापराची वेळ व मर्यादा गावास एकत्र बसून ठरविता येते, हे वडगावच्या उदाहरणावरून दिसते.