मोटारीच्या छताचे अस्तर का लोंबते?

जुनी मोटार घेऊन तिच्यावर संसार चालवणारे अनेक लोक आमच्या गिऱ्हाइकांत आहेत. कोणी टुरिस्ट परवान्यावर गाडी चालवतो, कोणी जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकतो. इंजिन, टायर, बॅटरी यांचा हिशेब हे लोक चोख ठेवतात. मात्र छताच्या आतले कापड सुटून प्रवाशांच्या डोक्यावर झोळीसारखे लोंबू लागले की ते थेट कापडाच्या दुकानात येतात आणि म्हणतात, “शेठ, टपाला लावायला दोन मीटर स्वस्तातले कापड द्या.” गल्ल्याचा विचार केला तर कापड मोजून द्यावे आणि मोकळे व्हावे. परंतु हे काम नेमके काय आहे हे समजून न घेता केलेला खर्च बहुधा पहिल्या उन्हाळ्यातच वाया जातो, असे आम्ही पाहत आलो आहोत. म्हणून धंद्याच्या दृष्टीने या विषयाची थोडी फोड येथे करत आहोत.

अस्तर दोन प्रकारचे

सर्वप्रथम आपल्या गाडीत कोणते अस्तर आहे ते ओळखावे. अँबेसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत रेक्झिनचे अस्तर छतापासून थोडे खाली ताणून बसवलेले असे. छताखाली आडव्या लोखंडी सळ्या असत. अस्तराच्या मागच्या बाजूस पट्ट्या शिवून नेफा केलेला असे आणि सलवारीच्या नेफ्यात नाडी जावी तशी प्रत्येक सळी त्यातून जात असे. अँबेसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. तरी हौसेने जपलेल्या अशा गाड्या अजून कामाला येतात.

दुसरा प्रकार म्हणजे साच्यात दाबून तयार केलेला पुठ्ठा. आज जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींत हाच प्रकार आढळतो. दाबलेल्या तंतूंचा किंवा काचतंतूंचा हा पुठ्ठा छताच्या आकाराचा असतो आणि त्यावर कापड चिकटवलेले असते. लोंबण्याची तक्रार येते ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात.

दोष कापडाचा नाही, चिकटीचाही नाही

मोटारीच्या छताचे कापड एकपदरी नसते. वर पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे विणीचे कापड असते. ते हातमाग-यंत्रमागावरचे ताण्याबाण्याचे नव्हे, तर होजिअरीच्या जातीचे, थोडे ताणले जाणारे असते. त्याच्या पाठीला साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम असतो. कारखान्यात फोमची पट्टी गॅसच्या ज्योतीवरून नेतात. तिचा वरचा थर किंचित वितळतो आणि त्याच क्षणी कापड त्यावर दाबले जाते. असे जोडलेले कापड मग फोमच्या बाजूने पुठ्ठ्याला चिकटवतात. म्हणजे कापड पुठ्ठ्याला धरून असते ते फोमच्या मध्यस्थीने. मध्यस्थ मेला की व्यवहार तुटतो. येथेही तेच घडते.

पॉलियुरेथेन फोमचे आयुष्य मर्यादित असते. त्याची एक जात ओलाव्याने तुटते, दुसरी हवेतील प्राणवायू आणि प्रकाशाने तुटते. दोन्ही क्रिया उष्णतेने वेगवान होतात. बाहेर ४० अंश तापमान असताना उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीतील हवा तासाभरात ६० अंशांच्या घरात जाते. छताचा पत्रा तर त्याहून अधिक तापतो. नागपूर, जळगावचा उन्हाळा घ्या किंवा कोकणपट्टीची दमट हवा घ्या, फोमच्या वाट्याला दोन्हीकडे जाचच आहे. काही वर्षांनी त्याचा पिवळट-तपकिरी भुसा होतो. कापड शाबूत असते, पुठ्ठ्यावरची चिकटही बहुधा जागेवर असते. मधला फोम मात्र गेलेला असतो.

ही एक गोष्ट ध्यानात आली तर पुढचे सगळे आपोआप उलगडते. लोंबलेल्या कापडामागे पुन्हा सोल्युशन लावले तर ते भुशाला चिकटते, पुठ्ठ्याला नाही. भुसा सुटला की कापड पुन्हा खाली येते. इंजेक्शनच्या सुईने सोल्युशन आत सोडणारे लोक आहेत. त्याने डाग तेवढे पडतात. टाचण्या टोचणे आणि स्टेपल मारणे यांनी आरशातून मागचे दिसण्यापुरती दोन दिवसांची सोय होईल, पण ती दुरुस्ती नव्हे. मागची काच झाकली जाईपर्यंत लोंबलेल्या अस्तराची गाडी रस्त्यावर आणणे तर सरळ धोक्याचे आहे.

अपवाद एकच. समोरच्या काचेजवळची कडच तेवढी सुटली असेल आणि बोटाने दाबल्यावर फोम स्पंजासारखा परत वर येत असेल, तर कड चिकटवून भागते. बोटाला पूड लागली तर ते अस्तर संपले असे समजावे.

कापड कोणते घ्यावे

येथे आमच्या धंद्याचा संबंध येतो. पडद्याचे कापड, सुटिंगचा तुकडा किंवा सोफ्याचे जाड कापड छताला लावू नये. याची कारणे तीन आहेत. पहिले, ताण्याबाण्याच्या कापडाला ताण नसतो. दिव्याजवळच्या आणि सनशेडजवळच्या खोलगट भागात ते बसत नाही आणि तेथूनच सुटते. दुसरे, पाठीला फोम नसला तर सोल्युशन आरपार येऊन वर डाग दिसतात, पुठ्ठ्याचा प्रत्येक खड्डाही दिसतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मोटारीच्या आत वापरायच्या मालासाठी आग किती वेगाने पसरते याचे मानक ठरलेले आहे. भारतात ते आयएस १५०६१ या क्रमांकाचे आहे. घरगुती पडद्याचे कापड या कसोटीला उतरवलेले नसते.

दुकानात फोम पाठीला जोडलेले छताचेच कापड मागावे. त्याचा पन्हा साधारण ५४ ते ६० इंच असतो. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. कापड आडवे ओढून ताण आहे का ते पाहावे. कोपऱ्यावर नखाने फोम सोलून पाहावा. सहज सुटला तर माल नाकारावा. फोम दाबून सोडावा. तो लगेच फुगला पाहिजे. वर्षानुवर्षे गोदामात पडलेल्या ताक्याचा फोम दुकानातच अर्धा मेलेला असतो, आणि “सेल” म्हणून मिळणारा माल पुष्कळदा असाच असतो. शेवटची गोष्ट रंगाची. सनशेड सोबत आणून ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात रंग जुळवावा.

वेगळे कापड आणि वेगळी फोमची शीट घेऊन घरी दोन थर चिकटवण्याचा मोह टाळावा. एका सांध्याच्या जागी दोन सांधे होतात आणि सुटण्याच्या जागाही दोन होतात.

मोजमाप घेताना पुठ्ठ्याचे खोलगट भाग धरून टेप दाबून न्यावा आणि प्रत्येक बाजूस ३ ते ४ इंच जादा धरावेत. समजा पुठ्ठा ६० इंच लांब आणि ४६ इंच रुंद भरला. तर ६८ इंच लांबी आणि ५४ इंच पन्हा हवा. ६८ इंच म्हणजे पावणेदोन मीटरच्या आत. अशा गाडीला दोन मीटर पुरतात आणि उरलेल्यात सनशेडही मढवता येतात.

काम कसे होते

कारागिराकडून काम करून घेतले तरी मालकाला क्रम माहीत असावा. पुठ्ठा गाडीतून बाहेर काढल्याशिवाय हे काम नीट होत नाही. “गाडीतच लावून देतो” म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग छताचा दिवा, सनशेड, हातधरणी, खांबांवरची प्लॅस्टिकची आवरणे आणि दरवाजाचे रबर काढावे. खांबावर किंवा छताच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तेथे हात घालू नये. ते काम जाणकार वर्कशॉपचेच. पुढच्या सीट मागे पाडून दोघांनी मिळून पुठ्ठा मागच्या बाजूने बाहेर काढावा. तो वाकवला तर चिरतो.

बाहेर आल्यावर जुने कापड ओढून काढावे आणि तोंडाला फडके बांधून मऊ ब्रशने फोमचा सगळा भुसा झाडावा. सारा जीव या टप्प्यात आहे. तळहात फिरवल्यावर हात स्वच्छ राहिला पाहिजे. कारागीर घाई करतो तो इथेच, कारण हे काम नंतर दिसत नाही. तारेचा ब्रश लावू नये, पाण्याने धुऊ नये; तंतूंचा पुठ्ठा पाण्याने फुगतो. चीर असेल तर मागून पट्टी चिकटवून पूर्ण वाळू द्यावी.

सोल्युशन उष्णता सोसणारे रबर जातीचे हवे. डबीवर किती अंशांपर्यंत टिकते ते वाचून घ्यावे. ७० ते ८० अंशांखालचे घेऊ नये. सुतारकामाचा पांढरा गोंद येथे चालत नाही; तो गरमीने मऊ पडतो. फोम आणि पुठ्ठा दोन्हींवर पातळ, सारखा हात द्यावा आणि डबीवर लिहिलेला वेळ थांबावे. बोटाला ओढ जाणवली पाहिजे, पण सोल्युशन बोटाला लागता कामा नये. या सोल्युशनची वाफ पेट घेते. काम मोकळ्या हवेत व्हावे. विडी, सिगारेट, शेगडी जवळ नको.

कापड पुठ्ठ्यावर बेतून अर्धे मागे दुमडावे. मधल्या रेषेपासून सुरुवात करून तळहाताने कडेकडे दाबत न्यावे, मग दुसरा अर्धा भाग घ्यावा. खोलगट भागात कापड आधी तळाला बसवावे, नंतर बाजूंना. वरून ताणून पूल केला तर पहिल्या उन्हात ते तेथून उचलेल. कडा इंचभर मागे वळवून चिकटवाव्यात. दिव्याचे भोक सर्वांत शेवटी, लहान फुली मारून कापावे. एक दिवस सावलीत ठेवून मगच पुठ्ठा चढवावा.

सळ्यांच्या प्रकारात गोष्ट वेगळी. प्रत्येक सळीचा बाक वेगळा असतो. सळ्या काढताना त्यांवर क्रमांक टाकावेत आणि जुने अस्तर नमुना म्हणून जपून ठेवावे. नेफ्याची शिवण सुती दोऱ्याने न करता नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने करावी. या कामाला मुरलेला कारागीरच हवा.

डाग काय सांगतात

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने अस्तर अवश्य तपासावे. तपकिरी कडांचे गोल डाग दिसले तर पाणी झिरपते आहे असे समजावे. ते समोरच्या काचेचे रबर, एरियलचे भोक किंवा कॅरिअरचे बोल्ट यांतून येते. आधी गळती बंद करावी, मग अस्तराला हात लावावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक मोटारी पाण्यात बुडाल्या. असे पूर त्यानंतरही अनेक शहरांत आले आहेत. बुडालेली गाडी सीट कव्हर बदलून, धुऊनपुसून विकता येते. पण छताच्या पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पाण्याची रेघ राहते, गाळ राहतो. दिवा उघडून टॉर्चने आत पाहायला पाच मिनिटे लागतात. बाकी गाडी जुनी आणि छताचे अस्तर तेवढे कोरे दिसले, तर कारण विचारणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे आणि खरे सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे.

हिशेब

या कामात कापडाच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त असते आणि गाडी उभी राहिल्याने होणारी रोजची खोटी त्याहून जास्त. स्वस्तातले कापड घेऊन मीटरमागे काही रुपये वाचवले आणि तीच मजुरी, तीच खोटी वर्षभरात पुन्हा सोसली, तर बचत कुठे राहिली? कारागिराकडून कापड, सोल्युशन आणि मजुरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. भुसा काढून झाल्यावर, नवे कापड लावण्याआधी, पुठ्ठा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची अट घालावी. चांगला कारागीर या अटीला कधी नाही म्हणत नाही.

आमच्या कापडवाल्या बंधूंनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. छतासाठी पडद्याचे कापड मागणारा आला तर मापपट्टी उचलण्यापूर्वी त्याला वरील कारणे सांगावीत. त्या दिवशीची विक्री कदाचित जाईल. पण गाडीवर पोट असलेला माणूस दुसऱ्या वेळी त्याच दुकानात येतो, आणि येताना आणखी दोघांना घेऊन येतो.