यंदा फुलू द्यायचं की नाही?

मे महिना सरत आला की जपानमधल्या कानुमा शहरात सात्सुकीचा उत्सव भरतो. तोक्योच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतात हे शहर आहे. उत्सवात ओळीनं बोन्सायच्या कुंड्या मांडलेल्या असतात. हात-दीड हात उंचीचं झाड, चांगलं मनगटाएवढं खोड आणि वर पान दिसणार नाही इतकी फुलं! तीही एकाच झाडावर पांढरी, गुलाबी, लाल, शिवाय पट्ट्यापट्ट्यांची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, चार झाडांची कलमं एकत्र बांधली असावीत. पण तसं काही नसतं. सगळी फुलं एकाच मुळावरची, एकाच जातीची असतात.

सात्सुकी हा अझेलियाचाच एक प्रकार. सात्सुकी म्हणजे जुन्या जपानी पंचांगातला पाचवा महिना, साधारण आपला ज्येष्ठ. इतर अझेलिया फुलून गेल्यावर ही फुलते, म्हणून हे नाव. उत्तराखंडात ज्याच्या फुलांचं सरबत करतात तो बुरांश हिचा जवळचा नातेवाईक. जपानी माणसांचा हा शौक मात्र फार जुना. एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, इतो इहेई नावाच्या माळ्यानं 1692 साली अझेलियांवर ग्रंथ छापला, त्यात तीनशेहून अधिक जातींची नोंद आहे. आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते!

कानुमाची माती बोन्सायवाल्यांमध्ये जगभर प्रसिद्ध आहे. ही खरं तर मातीच नव्हे. ज्वालामुखीतून उडालेल्या सच्छिद्र दगडाचा तो पिवळसर, हलका चुरा आहे. ती आम्लधर्मी असते आणि सात्सुकीच्या केसासारख्या बारीक मुळांना तेच मानवतं. चुनखडीचं पाणी घातलं की पानं पिवळी पडू लागतात. शिवाय ही माती ओली असताना गडद आणि सुकली की फिकट दिसते, त्यामुळे पाणी कधी घालायचं ते तीच सांगते.

सगळ्यांनाच कानुमाच्या उत्सवात झाड मांडता येत नाही. गावोगावच्या हौशी मंडळांची छोटी प्रदर्शनं असतात आणि खरी गंमत तिथेच असते. सभागृहात टेबलं जोडायची, मागे साधा पडदा लावायचा, आदल्या संध्याकाळी झाडं आणायची. गाडीत कुंडी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा. मग कुंडी पुसायची, मातीवर शेवाळ बसवायचं, कोमेजलेली फुलं चिमट्यानं काढायची. फुलावर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही, कारण भिजलेल्या पाकळीवर डाग पडतात. म्हणून फुलं येताच झाड आडोशाला न्यायचं आणि पाणी फक्त मातीला द्यायचं. प्रदर्शनाची तारीख लांब असेल तर झाड सावलीत ठेवून कळ्यांना थोपवायचं. लग्नघरात मुहूर्त सांभाळतात, तसाच हा प्रकार.

पण मंडळाच्या बैठकीत खरा वाद रंगतो तो वेगळ्याच प्रश्नावर. अमक्याचं झाड यंदा फुलू द्यायचं की नाही?

फुलांचा खर्च झाडालाच सोसावा लागतो. शेकडो फुलं एकदम उमलली की झाडाची ताकद तिकडेच जाते आणि फांद्यांची वाढ मागे पडते. त्यात या झाडाचा स्वभावही उलटा. बहुतेक झाडं शेंड्याकडे जोर धरतात. सात्सुकीचा जोर खाली असतो. खालच्या फांद्या माजतात, शेंडा अशक्त राहतो. अशक्त शेंड्यावर फुलांचा भार टाकला तर तो वाळूही शकतो आणि वर्षानुवर्षं घडवलेला आकार बिघडतो. म्हणून जाणकार मंडळी एखाद्या वर्षी सगळ्या कळ्या खुडून टाकतात. फुलायच्या बेतात आलेलं झाड नुसतं हिरवं ठेवायचं, हे सांगणं सोपं आहे, हातानं करणं नाही. नवा सभासद तर कळवळतोच. वर्षभर वाट पाहिली ती याच कळ्यांची ना! पण मंडळातल्या एखाद्या बुजुर्गानं शेंड्याकडे बोट दाखवून 'पुढच्या वर्षी' एवढंच म्हटलं की त्याला चिमटा हातात घ्यावाच लागतो. पुस्तकातून हे कळत नाही. झाडाला फुलणं झेपेल की नाही ते पन्नास झाडं पाहिलेल्या नजरेलाच दिसतं. मंडळाची खरी मिळकत ही नजर आहे, बक्षिसांच्या फिती नव्हेत.

झाड फुललं तरी उसंत नाही. बहर ओसरताच छाटणी, तीही साधारण जूनअखेरच्या आत. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, उशिरा कात्री चालवली तर पुढचा बहरच कापला जातो. प्रत्येक टोकाला चार-पाच कोंब फुटतात, त्यातले दोनच ठेवायचे. खाली सढळ हातानं कापायचं, वर जपून. फांद्या ठिसूळ, तार गुंडाळून वाकवताना काटकन मोडतात. पानांच्या पाठीवर बसून रस शोषणारे बारीक किडे असतात ते वेगळेच.

आणि त्या रंगीबेरंगी फुलांचं काय? तिथे तर छाटणीवरच सगळा खेळ असतो. एका रंगाची फुलं देणाऱ्या फांद्या हळूहळू सगळं झाड व्यापतात आणि पट्टेदार फुलं दिसेनाशी होतात. म्हणून बहर असतानाच फांद्यांना रंगीत दोरे किंवा चिठ्ठ्या बांधून ठेवतात. या फांदीवर पांढरं, त्या फांदीवर पट्ट्याचं. फुलं गेल्यावर सगळ्या फांद्या सारख्याच हिरव्या दिसतात, तेव्हा कोणती कापायची ते त्या दोऱ्यावरूनच कळतं.

आपल्याकडे वड, उंबर यांची बोन्साय करणारे हौशी पुष्कळ. अझेलियाला मात्र आपल्या मैदानी प्रदेशातलं ऊन आणि बोअरिंगचं क्षारयुक्त पाणी सोसत नाही. दार्जिलिंग, शिलाँगसारख्या थंड डोंगरी गावांत मात्र ती कुंडीत छान फुलते. तिकडे राहणाऱ्यांनी प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

जपानमध्ये सत्तरच्या दशकात सात्सुकीची मोठी लाट होती. ती ओसरली, पण तेव्हाची झाडं आहेत. खोड जाड होत चाललं आहे आणि मालकाला मोठी कुंडी एकट्यानं उचलवत नाही. अशा वेळी धाकटे सभासद येऊन कुंडी बदलून देतात. झाड दुसऱ्या हाती जातं तेव्हा त्याबरोबर कोणत्या फांदीवर कोणतं फूल आणि मागे कधी फुलू दिलं होतं, एवढं तरी सांगितलं जावं लागतं.

प्रदर्शनाच्या दिवशी ज्याच्या झाडाच्या कळ्या खुडल्या असतील तो सभासदही येतोच. त्याच्या नावाचं टेबल नसतं, म्हणून तो आलेल्यांना चहा देतो, शेजाऱ्याच्या झाडाखाली गळलेली पाकळी उचलतो. मधूनच एखाद्याला बाजूला घेऊन आपल्या झाडाच्या शेंड्याला यंदा किती नवे कोंब फुटले, तेही सांगतो.