'समय' आधी गंगौलीत बोलला होता

1988 ते 1990 या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' लागले की गल्ल्या ओस पडत. आपल्या मोहल्ल्यांतही तेच चित्र होते. ती गोष्ट सांगणारा 'समय' ज्यांच्या लेखणीतून उतरला, ते डॉ. राही मासूम रझा. एका मुसलमानाने महाभारत का लिहावे, अशी पत्रे तेव्हा निर्माते बी. आर. चोप्रा यांच्याकडे आली होती. त्यावर आपणही गंगेचेच पुत्र आहोत, असे उत्तर राहींनी दिल्याचे सांगतात.

हे उत्तर ऐनवेळी सुचलेले नव्हते. ते त्यांनी कादंबऱ्यांतून कधीच लिहून ठेवले होते. पण संवादलेखक राही आपल्याला ठाऊक आणि कादंबरीकार राही अनोळखी, अशी आपल्या बहुतेक घरांची स्थिती आहे.

राही गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे. 'तिलिस्म-ए-होशरुबा' या दास्तानवर त्यांनी पीएच.डी. केली, अलीगढला उर्दू शिकवली आणि पुढे चित्रपटलेखनासाठी मुंबई गाठली. त्यांची 'आधा गाँव' ही कादंबरी 1966 साली देवनागरीत प्रसिद्ध झाली. गंगौलीतल्या शिया सय्यदांची घरे, मोहरमच्या मजलिसी, आपसातली भांडणे आणि फाळणीने या सगळ्याची केलेली वाताहत असा तिचा विषय आहे. ही गंगौलीतून जाणाऱ्या काळाची कहाणी आहे, असे लेखक तिथेच सांगतो. दूरदर्शनवरचा 'समय' आधी या गावात बोलला होता.

या कादंबरीतले फुन्नन मियाँ विसरता येत नाहीत. त्यांचा मुलगा मुमताज 1942 च्या आंदोलनात पोलीस ठाण्यापाशी गोळीने मरतो. पुढे शहीदांच्या स्मरणाची सभा भरते. पुढारी इतरांची नावे घेतो, मुमताजचे घेत नाही. म्हातारा बाप उभा राहतो आणि माझाही मुलगा तिथेच गेला, एवढेच सांगतो. आजही कुठल्या यादीत आपले नाव शोधावे लागते, तेव्हा फुन्नन मियाँ आठवतात.

'टोपी शुक्ला' ही दुसरी कादंबरी आहे टोपी आणि इफ्फन या दोन मित्रांची. टोपीला इफ्फनच्या दादीची पूरबी बोली फार आवडते. एकदा स्वतःच्या घरी जेवताना वांग्याचे भरीत मागता मागता तो आईला 'अम्मी' म्हणतो. सगळ्यांचे हात ताटातच थांबतात आणि पोराला मार बसतो. एका शब्दाने घर हादरते. पोराला मात्र आपले काय चुकले ते कळत नाही. इफ्फनची दादीही मौलवींच्या घरात नांदली, नमाज-रोजा सांभाळला, पण शेवटपर्यंत बोलली ती माहेरची पूरबीच. तिच्या दीनाला त्या बोलीची अडचण कधी झाली नाही.

आमच्या वर्गात घरी 'अम्मी' म्हणणारी आणि 'आई' म्हणणारी अशी दोन्ही मुले असतात. आपल्याच घरांत कुठे दखनी, कुठे कोकणी, कुठे मराठी बोलली जाते. कुठली बोली जास्त मुसलमानी, असा वाद लग्नकार्यात ऐकू येतो, तेव्हा ही दादी समोर उभी करावीशी वाटते.

राहींचा इंतेकाल 1992 च्या मार्चमध्ये मुंबईत झाला. त्यांच्या कादंबऱ्या देवनागरीत असल्याने मराठी वाचणाऱ्याला जड जाणार नाहीत. 'आधा गाँव'मध्ये शिव्या भरपूर आहेत, तेव्हा ती मोठ्यांनीच वाचावी. 'टोपी शुक्ला'चा एक भाग मात्र सीबीएसईच्या दहावीच्या 'संचयन' या हिंदी पुस्तकात घेतलेला आहे. घरात त्या वर्गातले मूल असेल, तर तो धडा एका संध्याकाळी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. दादी-नानीलाही जवळ बसवावे. तिच्या माहेरची बोली कोणती होती, हे मुलांनी तिलाच विचारावे.