दुबळा प्रतिस्पर्धी
अमेरिकेंतील विद्यापीठांचे बलाढ्य फुटबॉल-संघ आपल्या गटाबाहेरील सामन्यांसाठीं पुष्कळदां दुबळा प्रतिस्पर्धी निवडतात, व भरघोस मोबदला देऊन त्याला आपल्या मैदानावर बोलावतात. असा विजय तो कसला, असें कांहीं रसिक विचारतात. या पैशावरच लहान संस्थांचे खेळ चालतात, असें दुसरे सांगतात. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु १ सप्टेंबर २००७ रोजीं, देशांत ५ व्या क्रमांकाच्या मिशिगनला त्याच्याच मैदानावर, लाखावर प्रेक्षकांसमक्ष, ४ लक्ष डॉलर घेऊन आलेल्या दुय्यम श्रेणीच्या ॲपलाचियन स्टेटनें ३४-३२ असें हरविलें! दुबळा कोण, हें खेळल्यावांचून ठरत नाहीं. म्हणून लहानांना दार मोकळें असावें. मात्र मोठ्यांनीं बरोबरीच्यांशीं झुंजणेंही टाळूं नये, असें आम्हांस वाटतें.