पहिला माणूस कोण ठेवायचा? आधी सहा जणांची पार्टी सांभाळून बघा



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, दुकान आता एकट्याला आवरत नाही. पहिला माणूस कोणता ठेवू? विक्रीचा, हिशोबाचा, की सगळं थोडं थोडं येणारा?" बीबीएला आम्हाला याचं उत्तर चार रंगांच्या चार्टवर शिकवलं होतं. चार्ट छान होता, पण मला स्वतःला हा विषय खरा कळला तो रात्री दुकान बंद केल्यावर खेळलेल्या कॉम्प्युटर गेम्समधून. हसू नका. ज्या गेममध्ये तुम्ही एकटे हिरो नसता, चार ते सहा जणांची टोळी चालवता, त्या गेम्सबद्दल बोलतोय. त्यांना पार्टी-बेस्ड आरपीजी म्हणतात.

अशा गेममध्ये प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो, म्हणजे त्याचा पेशा. फायटर पुढे उभा राहून मार खातो आणि देतो. क्लेरिक जखमा भरतो. मेज मंत्र टाकतो. थीफ कुलपं उघडतो, सापळे शोधतो. ही घडी जुनी आहे. १९७४ साली आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळातून ती सुरू झाली आणि १९८१ च्या 'विझर्ड्री' या गेममध्ये सहा जणांची पार्टी कॉम्प्युटरवर आली. तेव्हापासून हे गेम बनवणाऱ्यांपुढे एकच डोकेदुखी आहे: सगळे क्लास उपयोगी कसे ठेवायचे, आणि लढाई किती अवघड करायची?

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण आहेत एकच. ते कसं, ते उदाहरणांतून बघू.

१९९८ चा 'बाल्डर्स गेट' घ्या. सुरुवातीला यातल्या मेजची तब्येत इतकी नाजूक की एखादा लांडगा दोन चाव्यांत संपवतो. फायटरकडे जीवाचे दहा-बारा पॉइंट, याच्याकडे चार ते सहा. मंत्र दिवसाला एक. तो टाकला की उरलेला दिवस गोफण फिरवत मागे उभा. नवखा खेळाडू म्हणतो, हा कशाला पोसायचा? पण तो एक मंत्र जर झोपेचा असेल, तर खाणीतली कोबोल्डांची अख्खी टोळी जागच्या जागी आडवी होते. आणि २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात शेवटाकडे पोचलात की हाच मेज वेळ थांबवतो. फायटर मात्र तेव्हाही तलवारच फिरवत असतो, फक्त जास्त जोरात.

म्हणजे त्या जमान्यात तोल होता, पण तो काळावर पसरलेला होता. आज फायटर मेजला वाचवतो, उद्या मेज फायटरला. नियमही तसेच होते. दुसऱ्या लेव्हलला जायला थीफला १२५० अनुभव पॉइंट लागायचे, फायटरला २०००, मेजला २५००. ज्याच्याकडून पुढे मोठं काम होणार, तो तयार व्हायला वेळ घेणार. तुमच्याकडे अकाउंट्स शिकणारा पोरगा असेल तर हे आकडे लगेच पटतील. काउंटरवरचा पोरगा आठवड्यात कामाला लागतो, जीएसटीचं काम शिकणारा लागत नाही. प्रश्न इतकाच की तो तयार होईपर्यंत त्याला पोसण्याची तुमची ताकद आहे का. ती नसेल तर मेज कितीही भारी असो, पहिल्या महिन्यात लांडगा त्याला खाणारच.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा नियम. बाल्डर्स गेटमध्ये शत्रू मारून मिळणारा अनुभव पार्टीत वाटला जातो. सहा जण असतील तर सहा वाटे, तीन असतील तर तीन. म्हणजे छोटी पार्टी भराभर वाढते. म्हणून काही पट्टीचे खेळाडू मुद्दाम तीन-चार जणच घेतात, काही तर एकट्याने अख्खा गेम संपवतात. गर्दी फुकट नसते. पण तिघांच्या पार्टीत थीफ नसेल तर सापळ्यावर पाय पडतो, आणि तेव्हा वाढलेल्या लेव्हलचा फारसा उपयोग होत नाही. पगारपत्रक लिहायला बसाल तेव्हा हे गणित समोर ठेवा: या माणसामुळे सगळ्यांचा वाटा कमी होणार आहे, तर त्याच्यावाचून अडेल असं कुठलं काम आहे? "मदतीला असू दे" हे त्याचं उत्तर नाही.

पुढे गेम बनवणाऱ्यांना वाटलं, हा कमजोर-बलवान झोल मिटवूनच टाकू. टेबलावरच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या क्लासना साधारण एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या: काही कधीही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. कागदावर तोल चोख. पण बऱ्याच खेळाडूंची तक्रार आली की आता सगळे सारखेच वाटतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो साचा मोडला.

कॉम्प्युटरवर हाच विचार २०१५ च्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'ने जास्त शहाणपणाने केला. (जाता जाता: या गेमसाठी २०१२ मध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी मिळून ४० लाख डॉलरच्या आसपास पैसे आधीच दिले होते. माल तयार नाही आणि गिऱ्हाईक पैसे देऊन बसलंय! यावर वेगळा व्हिडिओ करू.) त्याचे प्रमुख जॉश सॉयर यांचा आग्रह होता की खेळाडूने कसंही पात्र बनवलं तरी ते वाया जाऊ नये. म्हणून ताकद हा गुण त्यांनी असा ठेवला की फायटरच्या गदेचाही मार वाढतो आणि विझार्डच्या मंत्राचाही. काही जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही, किडकिडीत मांत्रिकाला दंडातली ताकद कशाला? मला सॉयरचं अर्धं पटतं. कुणीही पूर्ण निरुपयोगी नसावा, हे बरोबर. पण सगळे सगळ्यात थोडे थोडे बरे असतील तर निवड करण्यात मजा राहत नाही आणि चुकीची निवड टोचतही नाही.

"टीममध्ये सगळ्या प्रकारचे लोक हवेत" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. त्याला माझा उतारा म्हणजे २०१७ चा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २'. यात शत्रूच्या अंगावर दोन कवचं असतात, एक शस्त्रांविरुद्ध, एक जादूविरुद्ध. कवच उतरल्याशिवाय त्याला पाडणं, गोठवणं, काही लागू पडत नाही. चौघांत दोन तलवारवाले आणि दोन जादूवाले असतील, तर दोघे एक भिंत पाडत बसतात, दुसरे दोघे दुसरीच. चौघेही तलवारवाले असतील तर एकच भिंत, आणि ती धडाधड पडते. तिथे मिश्र टीम दिसायला छान, पण प्रत्यक्षात हळू. छोट्या धंद्यात चार माणसं असताना दोघांना दुकानात आणि दोघांना ऑनलाइन ऑर्डरवर लावणारे बघतो, तेव्हा मला ही दोन कवचंच आठवतात. विविधता चांगली की वाईट हे लढाईचे नियम ठरवतात.

आणि इथेच अवघडपणाचा प्रश्न येतो.

लढाई अवघड करायचे ढोबळ तीन मार्ग. पहिला आळशी: शत्रूचा जीव आणि मार वाढवा. याने लढाई लांबते, पण फार नवीन काही सुचावं लागत नाही. दुसरा: शत्रू वेगळा वागेल असं करा. २०१८ च्या 'पाथफाइंडर: किंगमेकर'मध्ये सुरुवातीलाच एका गुहेत कोळ्यांचे थवे येतात. थव्यावर तलवार, बाण चालतच नाहीत, आगीच्या बाटल्या किंवा पसरणारा मंत्र लागतो. ज्यांनी चार दणकट फायटर घेतले होते, ते तिथे उभ्या उभ्या मेले. गेम आला तेव्हा यावर खूप आरडाओरडा झाला, आणि थोडा रास्तही होता, कारण आधी पुरेशी सूचना मिळत नव्हती. पण कल्पना चोख. एका लढाईने दाखवून दिलं की पार्टीत काय नाही.

तिसरा मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही: विश्रांती महाग करा. मेजचे मंत्र झोपल्यावर परत येतात, फायटरची तलवार संपत नाही. दर लढाईनंतर झोपता येत असेल तर मेज कायम राजा, फायटर नुसता अंगरक्षक. म्हणून पिलर्समध्ये नॉर्मलला मुक्कामाचं सामान चार वेळांपुरतंच बाळगता येतं, हार्डला दोनच. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये रात्रभराच्या विश्रांतीला ४० शिधा लागतो, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर ८०. मंत्र तेच, तलवार तीच, फक्त शिधा महागला आणि फायटरची किंमत वाढली. वॉरलॉकची तर फारच, कारण त्याचे मंत्र छोट्या विश्रांतीतही परत येतात.

हे नीट वाचा. क्लासला हात न लावता त्याची किंमत बदलली. तुमच्याकडे खेळतं भांडवल मुबलक असताना जो माणूस जादूगार वाटतो, तो उधारी अडकल्यावर तसाच वाटेल का? उलट रोज ठरावीक वसुली करून आणणारा, एरवी कुणाच्या डोळ्यात न भरणारा माणूस तेव्हा कुठल्या कुठे जातो.

आणि लढाई फार सोपी असेल तर? २०१८ चा 'पिलर्स'चा दुसरा भाग 'डेडफायर' आला तेव्हा अवघड पातळीवरही सोपा पडत होता. कुठलीही पार्टी घ्या, जिंकताय. मग कोण कामाचा आणि कोण नुसता सोबत चालतोय, कळायला मार्गच नाही. नंतरच्या अपडेटमध्ये वरच्या पातळ्या कडक केल्या, तेव्हा लोक पार्टीचा विचार करायला लागले. दिवाळीच्या आठवड्यात कुणीही विकतो हो. माणूस बघायचा तर आषाढात बघा.

एका ठिकाणी मात्र गेमचं ऐकू नका. बाल्डर्स गेट ३ मध्ये १०० सोन्याची नाणी दिली की पात्राचा क्लासच बदलून मिळतो. आपल्याकडे विक्रीच्या माणसाला सोमवारपासून स्टोअरकीपर करता येत नाही, केलं तर दोन्ही कामं जातात. त्यापेक्षा १९९८ चा बाल्डर्स गेट जास्त खरा. त्यात सोबती तुमचं वागणं बघतात. तुमची इज्जत घसरली की चांगले लोक सोडून जातात, फार वाढली की वाईट लोक जातात. मिन्स्क आणि एडविन यांना एकत्र ठेवलंत तर ते एकमेकांवर हत्यार उपसतात. पार्टी कागदावर कितीही तोलाची असो.

खेळून बघायचं असेल तर पहिल्या बाल्डर्स गेटची सुधारित आवृत्ती साध्या कॉम्प्युटरवर, अगदी मोबाइलवरही चालते. पातळी मधली ठेवा, सोपी नको. पहिल्या खेपेला चौघेच घ्या आणि खाणीपर्यंत जा. पाचवा घ्यावासा वाटेल तेव्हा थांबा, आणि कुठल्या लढाईत तो नसल्यामुळे अडलं ते वहीत लिहा. मग तीच वही दुसऱ्या बाजूने उघडा आणि गेल्या तीन महिन्यांत दुकानात काम कुठे अडलं ते लिहा. ती यादी घेऊन बॅचला या, माणूस कोणता ठेवायचा ते त्यावर बोलू.