उंच केलेल्या ओढमोटारींना हवापिशव्यांची जोड

सोलापूरहून विजापूर रस्त्याने निघालेली मोटार वडकबाळजवळ सीना ओलांडते आणि थोड्याच वेळात मंद्रूपला पोहोचते. येथवर राष्ट्रीय महामार्ग आहे आणि वाहनास विशेष कष्ट नाहीत. खरी परीक्षा सुरू होते ती गाव सोडून शिवाराच्या वाटेला लागल्यावर. सीना व भीमा या दोन नद्यांमधील ही जमीन काळी, खोल आणि चिकण आहे. पावसाळ्यात ती फुगते व चाकाला धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात उमटलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या टणक होऊन बसतात. अशा वाटेवरून कांदा सोलापूरच्या बाजार आवारात न्यावयाचा, द्राक्षे वा डाळिंबे न चेपता डांबरी रस्त्यापर्यंत आणावयाची, टंचाईच्या महिन्यांत फळबागेला पाणी पोहोचवावयाचे, ही कामे चालू असतात.

ओढण्याचे मुख्य काम ट्रॅक्टरच करतो. परंतु पिकअप आणि चारही चाकांना गती असलेली जीप यांच्यामागेही दोन चाकांची ट्रॉली, पाण्याची टाकी किंवा लहान यंत्र जोडण्याकडे कल वाढला आहे. वाट खराब म्हणून मालक गाडी उंच करून घेतो. भार जड म्हणून मागच्या कमानीत एकदोन पाटे वाढवितो. त्यानंतर गाडीची मागील बाजू बसू लागली की गॅरेजवाला हवापिशव्या बसविण्याचा सल्ला देतो. हा खर्च करावा की नाही, केला तर त्यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे शेतकरी बंधूंनी आधी समजून घेतले पाहिजे.

हवेवर ओझे पेलण्याची कल्पना आपल्या खेड्यांस अपरिचित नाही. डनलॉप याने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे हेच टायर बैलगाडीस लागले व लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त ओझे तीच बैलजोडी ओढू लागली. प्राण्यांच्या गाड्यांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतही हवेच्या टायरची गाडी असेल तर अधिक वजनास मुभा आहे. मोठ्या प्रवासी बसगाड्यांच्या आसांवर रबरी हवापिशव्या असतात. सोलापूर ते मुंबई ही वंदे भारत गाडी १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. तिचे डबेही हवेच्या स्प्रिंगांवर तोललेले आहेत.

पिकअपसाठी मिळणारी हवापिशवी मात्र मूळ कमान काढून बसवीत नाहीत. आस आणि चेसी यांच्यामध्ये, बहुधा जेथे रबरी ठोकळा असतो त्या जागी, ती कमानीच्या मदतीस बसवितात. ती जाड रबराची, दोरे विणून बळकट केलेली व एकदोन घड्यांची असते. तिला टायरसारखा व्हॉल्व असतो. बहुतेक जातींत ५ पौंडांपासून १०० पौंडांपर्यंत हवा भरता येते. नेमकी मर्यादा निर्मात्याने दिलेली असते व तीच प्रमाण मानावी.

पाट्यापेक्षा तिचा लाभ कोणता, हे साध्या गोष्टीवरून कळेल. जादा पाटा गाडी भरलेली असो वा रिकामी, सारखाच ताठ राहतो. भरलेल्या गाडीस तो योग्य वाटतो. पण बाजारातून रिकामी परत येणारी तीच गाडी चाकोरीत उड्या मारते, मागची चाके जमीन सोडतात आणि ब्रेक लावल्यास घसरतात. अर्धा भार असला तरी हीच कथा, आणि द्राक्षांच्या पेट्या तर क्वचितच पूर्ण क्षमतेइतक्या भरल्या जातात. हवापिशवीत भार पाहून हवा वाढविता येते आणि माल उतरल्यावर काढून टाकता येते. शिवाय बंद हवा जितकी दाबावी तितकी ती अधिक जोराने उलट रेटते. म्हणून लहान खड्ड्यात ती मऊ राहते व मोठ्या खड्ड्यात आपोआप ताठ होते. रोज एकाच वजनाची खेप करणाऱ्यास एक योग्य पाटा स्वस्त व टिकाऊ पडेल. ज्याचा भार दररोज बदलतो त्यालाच हवापिशवीचा खर्च परवडतो.

मागची बाजू उचलली, पुढचे काय?

येथे बैलगाडीचा अनुभव उपयोगी पडतो. गाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, दांडी वर जाते व जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. माल फार पुढे भरला तर मानेवर ओझे येते. चांगला गाडीवान मानेवर थोडासाच भार राहील असा माल लावतो. मोटारीमागच्या दोन चाकी ट्रॉलीचेही तेच आहे. तिच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. भार त्याहून कमी असला तर वेगात ट्रॉली शेपटासारखी हलू लागते व ओढणाऱ्या गाडीस फरफटत नेते.

समजा, ४०० किलो वजनाच्या ट्रॉलीवर १,००० लिटर पाण्याची भरलेली टाकी आहे. एकूण वजन १,४०० किलो झाले. हुकावर १४० ते २१० किलो भार यावयास हवा. तो २०० किलो धरू. गाडीच्या दोन आसांमधील अंतर ३ मीटर आहे आणि हुक मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. मागची आस हा टेकू, हुक हे तरफेचे टोक. तेव्हा पुढच्या आसावरील भार ८० किलोंनी कमी होतो आणि मागच्या आसावर २०० नव्हे तर २८० किलो वाढतात. सुकाणू चालविणारी चाके तितकी हलकी होतात. ओल्या काळ्या मातीत वळण घेताना गाडी सरळच जाऊ लागते ती यामुळे. रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो तोही यामुळेच.

आता मागे हवापिशव्या फुगविल्या. गाडीची मागील बाजू वर आली, दिवे खाली आले, गाडी डोळ्यांस सरळ दिसू लागली. परंतु पुढच्या आसावरून गेलेले ८० किलो परत आले काय? जवळजवळ मुळीच नाही. पिशवी उंची सुधारते; भाराची वाटणी ती बदलत नाही. गाडी सरळ दिसते म्हणून चालक निर्धास्त होतो आणि वेग वाढवितो, यातच धोका आहे. वाटणी बदलावयाची तर पिकअपमधील पोती मागच्या आसाच्या पुढे सरकवावी लागतात, ट्रॉलीतील माल नीट लावावा लागतो किंवा ट्रॉलीवरील ओझेच कमी करावे लागते. पाण्याची टाकी पूर्ण भरलेली अगर पूर्ण रिकामी न्यावी. अर्धवट टाकीतील पाणी ब्रेकच्या वेळी पुढे धावते आणि चढावर मागे जाते. टाकी घेतानाच तिच्यात आडवे पडदे आहेत ना, हे पाहावे.

ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला स्प्रिंगच नसते, म्हणून तेथे हवापिशवीचा प्रश्न येत नाही. मात्र उसाची ट्रॉली ओढताना पुढची चाके उचलली जाण्याचा प्रकार याच तरफेचा आहे. ट्रॉली मागच्या आसाच्या उंचीपेक्षा खालीच, ओढदांड्याला जोडावी. वरच्या बिंदूला साखळी बांधून ओढणे हा ट्रॅक्टर चालकावर उलथविण्याचा मार्ग आहे.

गाडी उंच करण्याविषयीही एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पाटे वाढविले किंवा कमानीखाली ठोकळे घातले म्हणजे चेसी व हौदा वर जातो. मागच्या आसाचा मधला गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला तोच आधी लागतो. त्याची उंची केवळ मोठ्या टायरने वाढते, आणि मोठ्या टायरने ब्रेकवरचा व गिअरवरचा ताण वाढतो. उंच गाडीचा भारमध्य वर गेल्याने ती वळणावर अधिक कलते. हुकही वर जातो, त्यामुळे ट्रॉलीचे नाक आकाशाकडे होते व माल मागे झुकतो. तेव्हा उंच गाडीस खाली उतरलेला हुक घ्यावा आणि ट्रॉली सपाट जमिनीवर समतल उभी राहते का, हे पाहून मगच निघावे.

बसविताना घ्यावयाची काळजी

उंच केलेल्या गाडीत आस व चेसी यांमधील अंतर वाढलेले असते. साध्या मापाची पिशवी तेथे बसविली तर चाक खड्ड्यात लोंबताना ती ताणली जाऊन तळाशी फाटते. त्यासाठी खाली योग्य उंचीचा ठोकळा घ्यावा किंवा आस खाली गेल्यावर पिशवी मोकळी सुटून पुन्हा जागेवर बसेल अशी बैठक घ्यावी. पिशवीभोवती सर्व बाजूंनी निदान बोटभर जागा हवी, कारण हवा भरल्यावर ती फुगते. धुराची नळी जवळ असल्यास मध्ये पत्रा लावावा. गाडी रिकामी असली तरी सांगितलेली किमान हवा ठेवावी. कोरडी पिशवी घडीत चिमटून फुटते.

दोन्ही पिशव्यांना वेगवेगळे व्हॉल्व असावेत. नळी एकच ठेवली की वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूस पळते आणि गाडी अधिकच कलते. शेतातील खाचखळग्यात जोडलेली नळी चाकांना मोकळीक देते, हे खरे; पण ट्रॉली मागे असताना आणि गाडी आधीच उंच असताना वेगळे व्हॉल्वच योग्य होत.

ब्रेककडे सर्वांत कमी लक्ष जाते. काही पिकअप गाड्यांत मागच्या आसाला एक बारीक दांडी जोडलेली असते व ती ब्रेकच्या एका व्हॉल्वला कळविते की गाडी किती बसली आहे. गाडी बसली तर मागच्या ब्रेकला अधिक जोर मिळतो; उंच राहिली तर कमी. पिशव्यांनी भरलेली गाडी उचलून धरली की या व्हॉल्वला ती रिकामी वाटते आणि नेमक्या जड गाडीस मागचा ब्रेक अपुरा मिळतो. नुसते पाटे वाढविल्यानेही हेच घडते. गाडी उंच केली असल्यास या दांडीची जुळणी जाणत्या कारागिराकडून करून घेतल्याखेरीज भार ओढू नये.

कमान आपला भार चेसीला दोन टोकांवर देते. पिशवी तो मध्ये एका जागी देते. जुन्या, गंजलेल्या किंवा वेल्डिंग केलेल्या चेसीला तेथेच चीर पडू शकते. पिशव्यांच्या खोक्यावर लिहिलेली क्षमता ही पिशवीची असते, गाडीची नव्हे. आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. नोंदणीपुस्तकातील एकूण वजन एका किलोनेही वाढत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलापेक्षा गाडीत वेगळा बदल करण्यास बंधने आहेत, म्हणून काम करून घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. सर्वच मोटारी ट्रॉली ओढण्यासाठी घडविलेल्या नसतात, हेही निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे.

ग्रामसेवकांना हे सर्व शेतकऱ्यास पटवून द्यावयाचे असल्यास व्याख्यानाऐवजी वजनकाट्यावर न्यावे. गाडी रिकामी असताना पुढची चाके व मागची चाके वेगवेगळी तोलावीत. नंतर भरलेली ट्रॉली जोडून तेच करावे. ट्रॉली मात्र काट्याबाहेर ठेवावी. पुढचा आकडा किती घटला आणि मागचा पुस्तिकेतील मर्यादेच्या आत आहे का, हे कागदावर मांडावे. मग पिशव्यांत हवा भरून पुन्हा तोलावे. उंची बदलली, आकडे बदलले नाहीत, हे मालकास स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. हवा किती भरावी हेही मोजून ठरवावे: रिकाम्या गाडीची जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंतची उंची टेपने घ्यावी आणि भरल्यावर ती त्याहून थोडी कमी राहील इतपतच हवा भरावी.

पहिल्या काही खेपांनंतर यू-बोल्ट व बैठकीचे नट पुन्हा आवळावेत. पंक्चरवाला करतो तसे साबणाचे पाणी व्हॉल्वला, सांध्यांना व नळीला लावून बुडबुडे येतात का हे महिन्यातून एकदा पाहावे. पावसाळ्यात घड्यांमध्ये बसलेली काळी माती वाळण्यापूर्वीच पाण्याने धुऊन काढावी. वाळल्यावर ती कानशीसारखी रबर खाते, आणि खिळ्याने खरवडून काढू गेल्यास पिशवीलाच भोक पडते.