लोणारला चाळीस जणांचं विवर करूया!

जीपीएसवर अक्षांश-रेखांश पाहून लपवलेला डबा शोधायचा, वहीत सही करायची, डबा होता तसा ठेवायचा, हा झाला जिओकॅशिंगचा खेळ. पहिला डबा ३ मे २००० रोजी ओरेगनमध्ये लपवला गेला. अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी!

आता जोडीला फ्लॅश मॉब, म्हणजे ठरल्या वेळी अचानक जमायचं, काहीतरी गंमत करायची आणि पांगायचं. मुंबईने तो २००३ मध्येच पाहिला, क्रॉसरोड्स मॉलमध्ये. आपल्या बुलढाण्यात का नको?

माझी कल्पना अशी. लोणार गावातल्या मोकळ्या मैदानाचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना पाठवायचे. यायचं एकेकट्याने, ओळख न दाखवता. ठरल्या मिनिटाला चाळीस जणांनी हात पसरून गोल करायचा. व्यास साधारण १८ मीटर भरतो, म्हणजे उल्केच्या धडकेने झालेल्या इथल्या १.८ किलोमीटरच्या खऱ्या विवराचा शंभरावा भाग! मधोमध एकजण उल्का होऊन धपकन बसणार, आपण सगळे मागे उडणार. मग सह्या करून पांगायचं. मैदानाची परवानगी मात्र आधीच काढू.

विवरात डबा लपवायचा नाही हं. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. तिथे अर्थकॅश शोभतो: डबा नाही, फक्त बेसॉल्ट नीट पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची.

कोण कोण येतंय?